मठकरांचं एकच रीडिंग

आमच्या गिरगावातल्या चाळीत ‘मला जरा कणकण वाटतेय’ असं अजित मठकरांसमोर कुणी म्हणत नाही. म्हटलं की मठकर घरात जातात, थर्मामीटर आणतात आणि तीनदा लावतात. तीन रीडिंग, मग सरासरी, मग निदान. तोवर घाम फुटून माणसाचा ताप उतरलेलासुद्धा असतो.

माटुंग्याच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये मठकरांनी चौतीस वर्षं असिस्टंट म्हणून काढली. प्रोफेसर आले, हेड झाले, निवृत्त झाले. मठकर आपले स्टुलावर. पोरं पुस्तकात उत्तर बघायची आणि त्याला जुळतील अशी रीडिंग जर्नलमध्ये ठोकून द्यायची. मठकर नुसत्या अक्षरावरून ओळखायचे. “उत्तर आधी, रीडिंग नंतर! लाज वाटत नाही?” असं ओरडून पान फाडायचे. त्यांनी पानं फाडलेली मुलं आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. रस्त्यात भेटली की अजूनही वही लपवावी तसा हात पाठीमागे नेतात.

निवृत्तीनंतर लॅब सुटली, सवय सुटली नाही. चाळीत कुणाकडेही मिक्सर, गिझर, फ्रिज आला की आधी मठकरांकडे पास व्हायचा. “नवीन वस्तू म्हणजे चांगली वस्तू असं नव्हे,” ते सांगतात, “तिची खोड अजून कळलेली नाही, एवढंच.” यावर त्यांच्या पत्नी कालिंदीवहिनी स्वयंपाकघरातून न चुकता म्हणतात, “मला बघायलाही तीनदा आले होते. सरासरी बरी आली म्हणून होकार कळवला.”

अशा माणसाने आयुष्यात एकदाच, फक्त एकदाच, एका रीडिंगवर काम भागवलं. ती ही गोष्ट.

मठकरांची एकुलती एक मुलगी मनवा. वय सव्वीस. कार्टूनपटांतली माणसं, प्राणी, जंगलं कंप्युटरवर घडवते. लहानपणी ती बाबांच्या शेजारी बसून रीडिंगं लिहून घ्यायची. आठवीत असताना तिने चाळीतल्या सगळ्या गिझरांचा तक्ता केला होता. तिला बंगलोरच्या एका स्टुडिओत नोकरी लागली. रविवारचं विमान. घर सोडून राहायची पहिलीच वेळ. तिच्या कामाला मशीन दणकट लागतं, म्हणून सोमवारी बापलेक चालत लॅमिंग्टन रोडला गेले आणि नवीन ग्राफिक्स कार्ड घेऊन आले.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कंप्युटरच्या पोटात बसणारा, पोळपाटाच्या लांबीचा आणि दोन छोटे पंखे असलेला एक प्रकार. पडद्यावरची सगळी चित्रं तो काढतो, आणि काढता काढता तापतो. सत्तर-पंच्याहत्तर डिग्रीपर्यंत तापला तर प्रकृती उत्तम, ऐंशीच्या पुढे गेला तर लक्ष ठेवायचं आणि पंच्याऐंशीच्या वर मठकर पास करत नाहीत. दुकानदार म्हणाला होता, “काका, सात दिवसांत काही निघालं तर मी बदलून देईन. नंतर कंपनीकडे पाठवावं लागेल, महिना धरून चाला.”

“सात दिवस पुष्कळ झाले,” मठकर म्हणाले होते. परत येताना मात्र त्यांनी दोनदा बोटांवर मोजलं. सोमवार ते रविवार, सातच होत होते.

मंगळवारी दुपारी परीक्षा. पण त्याआधी कालिंदीवहिनी तबक घेऊन आल्या. घरात यंत्र आलं की पूजा. मिक्सरची झाली, इस्त्रीची झाली, कार्डाने काय घोडं मारलंय?

“आई, प्लीज! कुंकू नको त्याच्यावर. आत गेलं तर वाट लागेल.”

“मग हळद?”

“हळदही नको!”

“अगं, एवढी वस्तू परमुलखात जायची, आणि कोरडीच पाठवायची?”

दोघींनी मठकरांकडे बघितलं. मठकरांनी चष्मा वर केला, विचार केला आणि शास्त्रीय निकाल दिला. “अक्षता चालतील. तांदळातून वीज जात नाही.”

पाटावर कार्ड ठेवलं गेलं, वहिनींनी चार अक्षता वाहिल्या, कार्डाने पंखे न हलवता त्या स्वीकारल्या. मनवाने फुंकर मारून वरचे दाणे उडवले आणि कार्ड मशीनमध्ये बसवलं.

मठकरांची परीक्षा सोपी नसते. मे महिना, दुपारचे दोन, खिडक्या बंद, छताचा पंखा बंद. “बंगलोरच्या हवेत काय, कुठलंही कार्ड पास होईल. इथे होऊ दे.” भिंतीवर लॅबमधून निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेला थर्मामीटर. त्यात खोली तेहतीस. मनवाने कार्डाला अर्धा तास जीव तोडून चित्रं काढायला लावणारा प्रोग्रॅम चालू केला. पडद्यावर कसले तरी केसाळ गोळे गरगर फिरायला लागले. पडद्यावर ठिपके येतात का, रेघा उमटतात का, चित्र फाटतं का, हे तिने बघायचं. आकडे मठकरांनी लिहायचे.

सत्तर. शहात्तर. ब्याऐंशी. गोळे बिचारे छान फिरत होते, एक ठिपका नाही. पण मशीनच्या काचेतून बघितलं तर कार्डाचा एक पंखा भिरभिरत होता आणि दुसरा नुसता थरथरत जागच्या जागी उभा. शहाऐंशी. अठ्ठ्याऐंशी.

“बंद कर!” मठकर म्हणाले. मशीन शांत झालं.

“पंखा जाम आहे, बाबा.”

“फॉल्टी पीस!” मठकर म्हणाले.

आता, हा शब्द ते यापूर्वीही बोलले होते. शेजारच्यांच्या गिझरला, मेव्हण्याने दिलेल्या टोस्टरला. दर वेळी तोंड कडू करून. या वेळी आवाज असा निघाला की कालिंदीवहिनी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “काय हो, लॉटरी लागली?”

“थंड झालं की अजून दोन रीडिंग घेऊ या ना?” मनवाने विचारलं. तिच्या हातात पेन्सिल तयार होती.

“कशाला? जळून जाईल बिचारं. दिसतंय ना डोळ्यांना.”

मनवाने बाबांकडे बघितलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

दुकानदाराला फोन गेला. तो म्हणाला, “आणून टाका काका, पण तो माल आत्ता नाहीये. दुसरा यायला दहा-बारा दिवस.” स्टुडिओला मेल गेली. त्यांचं उत्तर आलं, की तोवर जुन्या कार्डावर घरून काम कर, दोन आठवड्यांनी ये. म्हणजे रविवारचं विमान गेलं. दहा-बारा दिवस तर नक्कीच, वर नवीन कार्डाची परीक्षा धरली तर पंधरा.

संध्याकाळी मठकर हापूसची पेटी खांद्यावर घेऊन जिना चढताना दिसले. नादुरुस्त मालाच्या आनंदात आंब्याची पेटी आणणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. “फोडा की एक,” मी म्हटलं. “छे,” ते म्हणाले, “कच्चे आहेत. मुद्दाम दहा दिवसांनी पिकतील असे मागून घेतले. मनवा आहे ना!”

बुधवारी मायलेकी हिंदमाताला खरेदीला गेल्या. जाताना मनवा म्हणाली, “बाबा, तू कार्ड काढून खोक्यात भरून ठेव. मी आले की तिकीट कॅन्सल करते, मग जाऊ दुकानात.”

मठकरांनी मशीन उघडलं, कार्ड हलक्या हाताने काढलं आणि खोक्यात सारायला आडवं केलं. आतून टक्‌ असा आवाज आला. पुन्हा तिरकं केलं. टक्‌.

त्यांनी कार्ड उलटं धरून हळूच हलवलं. पंख्याच्या पात्याआडून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. तांबूस. कुंकवात भिजवलेला.

मठकरांनी बोटाने पंखा ढकलला. फिरला. लोण्यासारखा फिरला.

एवढं झाल्यावर लॅब असिस्टंटने काय करायचं असतं ते त्यांना चौतीस वर्षं माहीत होतं. तरी ते अर्धा तास खुर्चीवर बसून राहिले, असं नंतर त्यांनीच मला सांगितलं. दाणा एवढासा. फुंकर मारली असती तर खिडकीबाहेर गेला असता. कार्ड खोक्यात, खोकं दुकानात, मनवा घरात. दुकानदाराला शंका आली नसती, कारण मठकरांनी तपासलेल्या वस्तूवर शंका घ्यायची पद्धत अख्ख्या गिरगावात नाही.

“मग?” मी विचारलं.

“मग काय! खिडक्या लावल्या.”

खिडक्या लावल्या, छताचा पंखा बंद केला, कार्ड परत बसवलं. केसाळ गोळे फिरू लागले. अर्धा तास, मग थंड होऊ द्यायचं, पुन्हा अर्धा तास, पुन्हा थंड. चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर, चौऱ्याहत्तर. ठिपका नाही, रेघ नाही, पंख्यांचा आवाज पारव्याच्या घुमण्याएवढा. इतकं गुणी कार्ड! मठकर त्याच्याकडे शत्रूकडे बघावं तसं बघत घामाने निथळत बसले.

मायलेकी पिशव्या घेऊन परतल्या तेव्हा दार उघडताच आतली वाफ अंगावर आली.

“अहो, जिवंत आहात ना?”

मठकरांनी वही पुढे केली. मनवाने पिशव्या खाली टाकल्या आणि वाचलं. तीन आकडे, सरासरी, निष्कर्ष: कार्ड निर्दोष. त्याखाली, जर्नलमध्ये असतं तसं, ‘त्रुटींची कारणे’. तिथे दोन ओळी होत्या. ‘मंगळवारचे रीडिंग रद्द. पंख्यात अक्षता. एकच रीडिंग घेतले, कारण निरीक्षकाला उत्तर आधीच हवे होते.’

दाणा त्याच पानावर चिकटपट्टीने लावलेला होता. पुरावा.

कालिंदीवहिनींनी मान वाकवून तो बघितला. “तांदूळ माझा असेल हो, पण परवानगी तुमची होती.”

“मी कुठे नाही म्हणतोय?”

मनवाने वही मिटली. मग तिने खिडकी उघडली. “म्हणजे रविवारी जाऊ मी?”

“कार्ड जायला फिट आहे.”

“कार्डाचं नाही विचारलं, बाबा.”

“तुझी टेस्टिंग सव्वीस वर्षं झाली,” मठकर म्हणाले. “गरम लवकर होतेस, पण बंद पडत नाहीस. जा.”

यावर ती हसली आणि लगेच नाक पुसायला आत गेली. वहिनी तिच्या पाठोपाठ गेल्या. मठकरांनी छताचा पंखा लावला.

दुकानदाराला पुन्हा फोन करून मठकरांनी स्वतः माफी मागितली. तो इतका गडबडला की ‘काका, माझंच चुकलं’ म्हणाला. रविवारी मनवा गेली. मशीन गेलं, कार्ड गेलं, पेटीतले सहा कच्चे हापूसही तिच्या बॅगेत गवतात गुंडाळून गेले. मागे एक रिकामं टेबल, सहा आंबे आणि भिंतीवरचा थर्मामीटर. सोमवारी दुपारी दोनला मठकरांनी खोलीचं तापमान घेतलं. एकतीस. तीनदा घेतलं, एकतीसच. मशीन नाही तर खोली कमी तापणार, यात आश्चर्य काय? पण ते मला बोलावून दाखवत होते. “दोन डिग्री उतरली,” म्हणत होते. मी म्हटलं, बरं झालं, गारवा. त्यांनी माझ्याकडे जर्नल फाडताना बघायचे तसं बघितलं.

तिकडून रोज संध्याकाळी मेसेज येतो. ‘कार्ड ६८. आंबे हिरवे.’ ‘कार्ड ६९. एक जरा पिवळा.’ मठकर वहीत उतरवतात आणि उत्तर लिहितात, ‘खोलीचे तापमान लिहिलेले नाही.’ ती लिहिते, ‘२६.’ मठकर कालिंदीवहिनींना सांगतात, “सव्वीस! म्हणजे तिचे आंबे उशिरा पिकणार.”

इथले आंबे वेळेवर पिकले. दुसऱ्या बुधवारी घमघमाट जिन्यापर्यंत आला. मठकर पेटीला हात लावू देईनात. “तिचे पिकू देत. एकदम खाऊ.”

“अहो, साली सुरकुतल्या.”

“सुरकुतू देत.”

गुरुवार गेला, शुक्रवार गेला. वहिनींनी दोन आंबे लपवून शेजारी दिले, म्हणून ते वाचले. रविवारी संध्याकाळी मेसेज आला, ‘कार्ड ७०. खोली २५. पहिला आंबा पिकला, बाबा, आत्ता कापतेय.’

मठकर ताडकन उठले, सुरी आणली, आंबा कापला, एक फोड तोंडात टाकली, डोळे मिटले आणि वहीत लिहिलं: ‘उत्तम.’

वहिनींनी एक फोड खाल्ली आणि तोंड वाकडं केलं. “आंबलाय हो अगदी.”

“किती फोडी खाल्ल्यास?”

“एक.”

“मग बोलू नकोस,” मठकर म्हणाले, आणि त्यांनी दुसरी उचलली.