शेणाचं टोपलं अन् ग्यानबाचं भाषण

सावळदऱ्याच्या ग्यानबासारखा बोलणारा माणूस अख्ख्या मालेगाव तालुक्यात शोधून सापडायचा नाही, असं म्हणणारे बरेच आहेत, आणि त्यांत पहिला नंबर खुद्द ग्यानबाचा. खोटं कशाला बोला, माणूस बोलायचाच तसा. जयंती जवळ आली की आजूबाजूच्या गावांतून बोलावणी यायची. अंगात पांढरा झब्बा, गळ्यात निळा दुपट्टा आणि हातात माईक आला की साठी ओलांडलेला हा म्हातारा एकदम जवान व्हायचा. अध्यक्षांपासून मंडपवाल्यापर्यंत एकेकाचं नाव घेऊन जय भीम घालण्यातच त्याचा अर्धा वेळ जायचा. मग शेर, मग दाखले, मग आवाज खाली नेत नेत एकदम वर. बाया डोळे पुसायच्या, पोरं शिट्ट्या मारायची. त्या टाळ्यांवर ग्यानबाचं पुढचं वर्ष निघायचं.

घरी मात्र दुर्गाबाई होती. नवरा भाषणाहून आला की ती चुलीपुढून न उठताच म्हणायची, "उठवून आले का गाव? मंग आता बैलायले पाणी पाजा." तिनं नवऱ्यासाठी आजवर एकदाही टाळी वाजवली नव्हती. ग्यानबाला ते खुपायचं, पण बायकोपुढं बोलायची त्याची छाती नव्हती.

त्याची नात धम्मदीपा दहावीत चांगल्या मार्कांनी निघाली आणि मालेगावच्या कॉलेजात अकरावीला गेली. एसटी थांबायची फाट्यावर. फाट्यापासून गावापर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी तुरीची. पावसाळ्यात ठीक आहे, पण दिवाळी झाली की तुरी माणसाच्या डोक्यावर जातात आणि दिवस लवकर बुडतो. पोरीचा बाप रवी पुण्याकडं कंपनीत, तेव्हा घरात शब्द तिच्या आईचा, मंजुषाचा. मंजुषानं सासऱ्याला शांतपणे सांगून टाकलं, "मामाजी, दिवाळीलोक जाऊ द्या तिले. मंग बंद. अंधारात तुरीतून पोर एकटी येईन अन् मी घरी दारात उभी राहीन, हे माह्यानं होत नाई."

तिचं तरी काय चुकलं?  धम्मदीपा आजोबाकडं पाहत राहिली. ग्यानबा त्याच दिवशी आगारात जाऊन धडकला. तिथले साहेब भले माणूस. म्हणाले, गाडी गावात पाठवू, पण वळायला जागा करून द्या, एवढी मोठी गाडी उलटी चालवत फाट्यापर्यंत कोण नेणार?

जागा होती. गावाच्या तोंडाशीच होती. फक्त तिच्यावर उकिरडे होते.

ज्याला उकिरडा म्हणजे नुसता शेणकचऱ्याचा ढीग वाटतो, त्यानं आमच्याकडं येऊन एखाद्याचा उकिरडा हातभर सरकवून दाखवावा! सातबाऱ्यावर नसलेली, पण सातबाऱ्याहून पक्की अशी ही इस्टेट. सासू सुनेला देते, सून तिच्या सुनेला. भावाभावांत शेताच्या वाटण्या बोलून होतात, उकिरड्याच्या होत नाहीत. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, पण सावळदऱ्याचे उकिरडे आजीपणजीच्या काळापासून जागचे हलले नव्हते. त्यांतला सगळ्यांत मोठा होता लिलाबाईचा. विधवा बाई, दोन म्हशी, आणि जिभेला धार अशी की सुपारी कातरावी.

पण ग्यानबाला फिकीर नव्हती. भाषणच तर करायचं होतं. सरपंच विजयमालाताईंनी ग्रामसभा लावली, आणि हा माणूस झब्बा घालून उभा राहिला. नावं घेतली, शेर म्हटले, शिकलेल्या लेकीनं सात पिढ्या कशा तरतात ते सांगितलं, आणि शेवटी हात वर करून म्हणाला, "नाल्यापलीकडं ई-क्लासची सरकारी जमीन पडली हाय, गावाचे सारे उकिरडे तिथं नेऊ, अन् एसटी आपल्या दारात आणू!" सभा टाळ्यांनी दणाणून गेली.

विजयमालाताई उठल्या. "मंग उकिरडा हलवाले कोन कोन तयार हाय? हात वर करा."

आत्ताच टाळ्या पिटणारे हात मांडीखाली गेले. कुणी छताकडं पाहतोय, कुणी मोबाईलमध्ये. आणि मागून लिलाबाईचा आवाज आला, "ग्यानबाभाऊ, भाषण त लय गोड झालं. पण तुमचा उकिरडा कुठी जाऊन राह्यला, ते नाई सांगतलं?"

ग्यानबा अडखळला. "माहा... माहा त निंबाखाली हाय. थो आड येत नाई."

"असं हाय का! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!" लिलाबाई म्हणाली, आणि सभा अशी हसली, अशी हसली की विजयमालाताईंनाही पदर तोंडाला लावावा लागला.

खरं तर ग्यानबानं लबाडी केली नव्हती. निंबाखालचा उकिरडा तसाच ठेवूनही गाडी कशीबशी वळली असती. पण मनातली गोष्ट अशी, की उकिरडा हलव म्हणून दुर्गाबाईला सांगायची त्याला भीती वाटत होती. आता सांगणं भाग होतं. घरी येऊन त्यानं सुरुवात केली, "दुर्गा, समाज म्हंजे काय, त..."

"मले नोका देऊ भाषण," दुर्गाबाईनं तोडलं. "नाल्यापलीकडं, चढावर, भरलं टोपलं घेऊन रोज कोन जाईन? तुमी? उकिरडा हलवा म्हनणं सोपं हाय. थो सभेत बसणाऱ्यायच्या डोक्यावर नाई न. आमच्या डोक्यावर हाय."

ग्यानबा खाटेवर बसून राहिला. इतकी वर्षं बायांवर बोलला, बायांसाठी बोलला, पण शेणाचं टोपलं किती जड असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. एकदाही उचललं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कुणाला भाषणातून सांगण्यासारखीही नव्हती.

सकाळी त्यानं गोठा झाडला, टोपलं भरलं आणि डोक्यावर घेतलं. नुसतं डोक्यावर! खाली चुंबळ घ्यायची असते हे कुणी सांगणार? नाल्यापर्यंत जाईतो शेणाचं पाणी कानामागून सदऱ्यात. बाया वाटेवर उभ्या राहून पाहायला लागल्या. नेमकी त्याच वेळी धम्मदीपा मैत्रिणींबरोबर फाट्याकडं निघाली होती. ती जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाली, "आबा, ठेवा न ते खाली. पोरी पाहून राह्यल्या!" आणि मान खाली घालून झपाझप पुढं गेली. गावाच्या हसण्यानं नाही, पण या एका वाक्यानं ग्यानबाचा जीव कळवळला. तरी टोपलं त्यानं ठेवलं नाही.

मागून लिलाबाई आली. पोट धरून हसली आधी. मग कमरेला खोचलेली जुन्या लुगड्याची चिंधी काढून तिनं गोल चुंबळ केली आणि ग्यानबाच्या डोक्यावर नीट बसवली. "असेच चालसान त मान मोडीन तुमची, भाऊ."

दोघं चढ चढले. ग्यानबाला धाप लागली. बोलायला दम उरला नव्हता, म्हणून असेल, त्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "मंग कुठी सोईचं पडीन, लिलाबाई?"

"कोंडवाड्यात," ती लगेच म्हणाली. "मोडका पडला हाय, आमच्या घरायच्या मागंच. पण आमाले विचारते कोन? तिथं तुमच्या गड्यायचे पत्ते चालते न!"

ग्यानबा त्यानंतर रोज टोपलं घेऊन निघायचा आणि वाटेत भेटेल त्या बाईला विचारायचा. बोलायचा कमी. कुणाची मान दुखते, कुणाला कोणती वाट सोपी, पावसात कुठं पाय घसरतो, सगळं ऐकून घ्यायचा. दुर्गाबाई दारातून पाहायची. निंबाखालचा जुना ढीगही तो थोडा थोडा नेत होता, आणि ती जागा हळूहळू मोकळी होत गेली.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा विजयमालाताईंनी पुन्हा सभा लावली. ग्यानबा उठला तो रोजच्या सदऱ्यावर. कुणाचं नाव नाही, शेर नाही.

"माहा उकिरडा मी हलवला. नाल्यापलीकडं चढ लय हाय, ते माही चूक होती. मले टोपल्याचं वजन माहीत नोयतं. सारे उकिरडे कोंडवाड्यात नेऊ, बायाच म्हनतात थे जागा सोईची. पत्तेवाल्यायनं उठा लागते. अन् आमच्या घरचं शेण मी जिता हाय तोवर मीच नेईन. माह्या नातीले शिकू द्या, बाप्पा."

एवढं बोलून तो खाली बसला. टाळी पडली नाही. एकही नाही. ग्यानबानं डोळे मिटले. गेलं सगळं, त्याला वाटलं, पोरगी दिवाळीनंतर घरी बसली.

डोळे उघडले तेव्हा लिलाबाईचा हात वर होता. मग तिच्या शेजारणीचा. मग पत्तेवाल्यांचेही, एकमेकांकडं पाहत पाहत. आणि भिंतीला टेकून बसलेल्या दुर्गाबाईनं हात वर केला, तो विजयमालाताईंनी "झालं, झालं, मोजले" म्हटलं तरी खाली घेतला नाही.

दिवाळीनंतर गाडी आली. गावाच्या तोंडाशी वळायला लागली. ग्यानबा शब्दाला जागला. एका सकाळी तो टोपलं घेऊन कोंडवाड्याकडं निघाला असताना समोरून गाडी आली, कॉलेजच्या पोरींनी भरलेली. त्याला नातीचं ते 'पोरी पाहून राह्यल्या' आठवलं. तो झटकन कडेला झाला आणि तोंड भिंतीकडं करून उभा राहिला.

"आबा! ओ आबा!"

धम्मदीपा खिडकीतून अर्धी बाहेर आली होती. मैत्रिणींना ओरडून सांगत होती, "तो टोपलंवाला दिसते न? थो माहा आबा हाय! थ्यानंच गाडी आणली!"

ग्यानबा वळला.  दोन्ही हात टोपल्याला होते, डोळे पुसायची सोय नव्हती. गाडी तुरीपलीकडं जाईपर्यंत तो तसाच उभा होता.