वसंत ऋतू आणि पंधरा पोरं

अंगणवाडीत रजिस्टरं अकरा आहेत. हजेरीचं, आहाराचं, वजनाचं, लसीचं, गृहभेटीचं, साहित्याचं, आणि पुढची मलाच आठवत नाहीत. किश्श्यांचं रजिस्टर तेवढं अजून निघालेलं नाही. नका काढू बाबा, तेही मलाच भरावं लागेल! त्यामुळं किस्से आपले डोक्यातच साचत जातात. वीस वर्षं झाली, आता जागा उरली नाही, म्हणून तुमच्यापुढं ओतते. मध्येच उठून गेलात तरी चालेल. माझ्या पोरांनी ती सवय लावलीय मला.

आमची वस्ती सोनाळ्याच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याला. मी सेविका आणि मंदाबाई मदतनीस. सेविकेनं शिकवायचं, फोटो काढायचे, मोबाइलवर ॲप भरायचं. मदतनिसीनं सकाळी घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, उसळ शिजवायची, नाकं पुसायची, आणि सेविकेचं डोकं फिरलं की तिला पाणी द्यायचं. मंदाबाईला सतरा वर्षं झाली. नवरा गेला, लेक लग्न होऊन रोहिणखेडला. या कामावरच तिची चूल पेटते.

गेल्या मार्चमध्ये एकाच दिवशी ग्रुपवर दोन पत्रं आली. पहिलं असं, की या महिन्याची थीम वसंत ऋतू. रोज एक कृती, रोज एक फोटो. दुसरं असं, की ज्या अंगणवाड्यांत पोरं कमी येतात त्या जवळच्या अंगणवाडीत मिळवायच्या. महिनाअखेर पर्यवेक्षिका मॅडम येऊन बघणार. पंधरा पोरं हजर पाहिजेत. आमच्या पटावर एकोणीस, येतात बारा नाहीतर तेरा. पंधरा भरली नाहीत तर पोरं जाणार डांबरी रोडापल्याडच्या अंगणवाडीत. मला तिथं कुठंतरी चिकटवतील. मदतनीस मात्र तिथं आधीच आहे, म्हणजे मंदाबाई घरी.

मंदाबाईनं दोन्ही पत्रं माझ्याकडून वाचून घेतली. बराच वेळ तांदूळ निवडत बसली. मग म्हणाली, "ऋतू तं आपोआप येते ना ताई? पोरंच आणा लागतात."

तिथून आमचा वसंत सुरू झाला.

*

पहिल्याच दिवसाची कृती: 'बालकांना हिरव्या कुरणात अनवाणी चालवावे.'

मार्च महिना! अकरा वाजता आमच्या अंगणात म्हशीसुद्धा पाय उचलून धरतात. हिरवं कुरण आणू कुठून? मंदाबाई म्हणाली, "आपल्या गावात हिरवा फक्त सरपंचाच्या घराचा रंग हाय. भिंतीवर चालवता का?"

शेवटी नाल्याकडच्या विहिरीपाशी भीमरावभाऊंनी गुरांसाठी घास, म्हणजे हिरवा चारा, लावलेला, तो आठवला. गेलो वरात घेऊन. चपला काढल्या, पोरं आत सोडली. खूष! लोळली, उड्या मारल्या. मी फोटो काढला, ॲपवर टाकला, वरून लगेच अंगठाही आला.

तेवढ्यात भीमरावभाऊ धावत आले. हातात विळा. मी आपली 'कुरण', 'स्पर्शज्ञान', 'पत्रक' असं काहीबाही बोलायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, पोषण आहार बंद झाला काय? लेकराईले ढोराचा घास काऊन चारून राह्यले?"

मागं वळून बघितलं तर आमच्यातली सगळ्यात धाकटी, परी, खरंच चावत बसली होती.

*

फुलं ओळखण्याचा तक्ता वरूनच आला होता. चकचकीत. त्यात बारा फुलं, त्यातली नऊ मी जन्मात बघितलेली नाहीत. आपल्याकडं या दिवसांत डोंगर पळसानं लाल झालेला असतो, तर तक्त्यात पळस नाही! पळस दाखवायला मी खिडकीकडं बोट केलं की पोरं खिडकीतली मांजर बघायची.

एक लाल फूल होतं, पेल्याच्या आकाराचं, खाली लांब दांडा. खाली नाव लिहिलं होतं ट्युलिप. मी विचारलं, "हे काय आहे?"

आयुष नावाचं चार वर्षांचं पोरगं आहे आमच्याकडं, बाप कपाशीवाला. ते उठलं, तक्त्याजवळ गेलं, नाक लावून बघितलं आणि म्हणालं, "बोंड हाय. अजून फुटलं नाही."

"अरे, लाल बोंड असतं का?"

तो काही बोलायच्या आत मंदाबाई आतून उसळीचा झारा घेऊन आली, तिनंही तक्ता बघितला. म्हणाली, "बोंडच हाय. अन् फवारा चांगला मारेल दिसते, अळी नाही कुठी."

ॲपमध्ये प्रश्न होता, मुलांनी फूल ओळखले का? पर्याय दोनच: होय, नाही. मी 'होय' दाबलं. त्यांनी ओळखलंच होतं, मला ओळखू आलं नाही.

*

फुलपाखराची कृती मला स्वतःला आवडली होती, खोटं कशाला बोलू. जुन्या साड्यांचे तुकडे कापून पंख केले. अर्धी पोरं फुलं, अर्धी फुलपाखरं. मी टाळी वाजवली की फुलपाखरांनी उडायचं, आणि "बसा!" म्हटलं की फुलावर बसायचं.

मी म्हटलं, "बसा!"

आणि ती बसली ना! फुलांच्या डोक्यावर, मांडीवर, एक तर पाठीवर. रडारड, चावाचावी. सहा फुलं एका दमात कोमेजली. मी ओरडून ओरडून सगळी फुलपाखरं उठवली, एक परी मात्र पंख सावरत ठाण मांडून बसलेली. तिच्याखालून आवाज आला, "ताई, हे फुलपाखरू उठूनच नाही राह्यलं!"

परीला विचारलं, "उठत का नाहीस ग?"

"तुम्ही उडा कुठी म्हटलं?"

*

बी पेरण्याची कृती ऐका आता. ही आमच्याच अंगणवाडीत घडू शकते, आणि चूक माझीच आहे.

आमच्याकडं रोजचा शिरस्ता असा: ठोकळे काढायचे, खेळायचं, फोटो झाला की मी म्हणणार, "साहित्य जागेवर!" मग पोरं एकेक ठोकळा, एकेक मणी उचलून डब्यात टाकतात. ही शिस्त लावायला मला चार महिने लागलेत. मॅडमसुद्धा कौतुक करून गेल्या होत्या.

त्या दिवशी कागदी कपांत माती भरली. प्रत्येकाला पाच-पाच मटकीचे दाणे. पोरांनी बोटानं भोकं पाडून पेरले, वरून पाणी घातलं. काय सुंदर फोटो आला! मी तो ॲपवर चढवत बसले. आमच्याकडं रेंज फक्त दाराच्या उंबऱ्यावर येते, तीही एका पायावर उभं राहिलं तर. दहा मिनिटं गेली असतील.

आत आले तर सगळी पोरं मातीत कोपरापर्यंत. कप उलटे. आणि शिस्तीत सगळ्यांच्या पुढं असणारी सानिया मटकीचा डबा पुढं करून उभी. ओले, चिखलाचे दाणे आत परत.

"ताई, समदे जागेवर ठेवले. एक कमी हाय, आयुषनं गिळला."

मी खाली बसले. रागवायचं कोणाला? मंदाबाई चिखल पुसता पुसता हसत होती. म्हणाली, "शिकवलं ते शिकतात हो लेकरं. मॅडम येतीन तवा हेच दाखवू."

खरं सांगते, त्या महिन्यात मी फार थकले होते. दिवसभर वसंत करायचा आणि संध्याकाळी घरोघर जाऊन आयांच्या विनवण्या करायच्या, "पाठव ग बाई पोराला, पंधरा भरू दे." आया तरी काय करणार? हरभरा काढायचा, गहू सोंगायचा, पहाटे मोहाची फुलं वेचायला डोंगरात जायचं. पोर काखेत मारून जातात. वसंताच्या कृती करायला पोरं पाहिजेत, आणि सगळी कामंधामं नेमकी वसंतातच निघतात.

*

पालकसभेत मी सांगितलं, "प्रत्येकानं वसंत ऋतूची एकेक वस्तू घरून आणा." कोणी कडुनिंबाचा मोहर आणला, कोणी कैरी आणली, ती फोटोच्या आधीच संपली. आणि सानियाचे अब्बा, शकीलभाई, सायकलच्या कॅरिअरला बांधून कूलर घेऊन आले. अख्खा!

शकीलभाई कूलर दुरुस्त करतात. मी म्हटलं, "भाई, वसंताची वस्तू सांगितली होती."

"तो ये क्या है ताई? फागुन लगा के लोग माळ्यावरून कूलर उतारते. अपना मोसम इसीसे चालू होता."

मग त्यांनी पोरांना गोल बसवलं. जुनं गवत काढलं, नवं भरलं, पंपाला पाणी कसं चढतं ते दाखवलं. पाऊण तास एक पोर हललं नाही. मी तोंड उघडलं की पाच मिनिटांत शू लागणारी पोरं! शेवटी त्यांनी बटण दाबलं, गार वारा आला आणि ओल्या गवताचा वास सुटला. आठवड्याभरात पहिल्यांदा मी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले.

ॲपमध्ये फोटोखाली लिहायचं होतं, 'निसर्गातील वस्तू'. मी लिहिलं, 'गवत'.

*

आणि मग मॅडम आल्या.

महिनाअखेर, सकाळी दहाला. मंदाबाई सहापासून फिरत होती. दोन चकरा मारल्या तिनं वस्तीत. मी दारात उभी राहून बघत होते. ती आली तेव्हा दोन्ही बाजूंनी पोरं लटकलेली, एक कडेवर. मी मनातल्या मनात मोजलं. तेरा. पुन्हा मोजलं. तेराच.

मॅडम तशा चांगल्या आहेत, उगाच नाव कशाला ठेवू? त्यांनाही वरून फोन येत असतात. त्यांनी पट घेतला आणि एकेक नाव वाचायला लागल्या. गैरहजर पोराच्या नावाला काय सांगायचं, ते मी मनात जुळवत होते. पण मला बोलूच दिलं नाही कोणी!

"करण?"

"मोह वेचाले गेला मायसंग!" सगळी एका सुरात. "मोह सरला की येते."

"आलिया?"

"नानीच्या घरी. बेस्तरवारी येणार हाय."

"तन्वी?"

"निजली हाय. उठली का रडते, मंग येते."

सहाच्या सहा नावांचा हिशेब पोरांनी दिला. कोण कुठं, कोणाबरोबर, कधी परत. मॅडम हसल्या. पण पेन काही थांबलं नाही, कागदावर तेरा लिहिलेलं मला उलटं दिसलं.

मग त्यांनी पट मिटला, पोरांकडं वाकल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सगळे रोडापलीकडच्या मोठ्या अंगणवाडीत जाल ना? तिथं घसरगुंडी आहे!"

"हाव!"

एका दमात, तेराच्या तेरा! वीस वर्षं माझी आणि सतरा मंदाबाईची, गेली एका घसरगुंडीवर. मला खूप रडू आलं, पण मॅडमसमोर कुठं रडता? मी तक्त्याकडं बघत राहिले. मंदाबाई आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

तेवढ्यात आयुष उठला. "अन् मंदाबाईले कोन आणीन?"

मॅडम म्हणाल्या, "त्या नाही येणार बाळा. तुला आई सोडेल ना."

"मले नाही," आयुष वैतागला. मोठ्या माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागली की तो असाच वैतागतो. "तिले! तिले या डोळ्यानं दिसत नाही. मी या अंगानं धरतो. गोटा आला का सांगतो."

सानिया म्हणाली, "नालीपाशी मी सांगते. अन् कुत्रं असलं तं परी सांगते."

मी मंदाबाईकडं बघितलं. तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलाय, हे मला वर्षभर माहीत होतं. मला माहीत नाही असं ती धरून चालली होती आणि मीही तिला तसं चालू दिलं होतं. वर कळलं असतं तर पोरं मोजायच्या आधीच तिचं काम गेलं असतं. आणि पोरांनी ते मॅडमच्या पुढ्यात मांडलं, तेही कौतुकानं! मंदाबाईनं पदर तोंडाला लावला. आत उसळ खाली लागल्याचा वास यायला लागला, तरी ती जागची हलली नाही.

मॅडमनी मंदाबाईकडं बघितलं, मग कागदाकडं, मग आयुषकडं.

"बरं," त्या म्हणाल्या. "दगड तू सांगतोस, नाली ही सांगते. आणि डांबरी रोडावर गाड्या असतात, तिथं कोण सांगणार?"

आयुषनं सानियाकडं बघितलं. सानियानं परीकडं.

मग आयुष म्हणाला, "रोड तं आमाले बी वलांडता येत नाही."