दादाच्या खुर्चीचा फ्यूज

परवा रविवारी मी घरात एका जागी बसलेच नाही... कांजूरमार्गच्या आमच्या घरातल्या जेवणाच्या टेबलवर पॉवर सप्लाय, मल्टिमीटर, वायरींचा गुंता आणि मधोमध तळहाताएवढा हिरवा बोर्ड. आई पोह्यांची ताटली हातात घेऊन उभी. "हे कुठे ठेवू गं आता?"

तो बोर्ड इलेक्ट्रॉनिक फ्यूजचा. साधा फ्यूज एकदा जळला की बदलावाच लागतो... हा फक्त सप्लाय तोडतो, आणि अडचण दूर झाली की पुन्हा चालू करता येतो. साकीनाक्याच्या युनिटमध्ये असले टेस्ट बोर्ड तपासणं हेच माझं काम. पण हा दादासाठी होता.

अपघातानंतर दादा बॅटरीवरची व्हीलचेअर वापरतो. मागच्या आठवड्यात स्टेशनकडच्या रस्त्यावर, भर चौकात तिचा फ्यूज उडाला. मागून रिक्षांचे हॉर्न आणि हा मध्येच अडकलेला... ते कळल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

आधी टेबलवर टेस्ट. लोड हळूहळू वाढवत नेला... ठरवलेल्या मर्यादेला लाल दिवा, सप्लाय बंद. मग श्वास रोखून आउटपुटच्या दोन वायरी मुद्दाम एकमेकींना टेकवल्या. धूर नाही, वास नाही. नुसता लाल दिवा.

मग खुर्चीला जोडला आणि वाट लागली! दादाने लिव्हर ढकलली रे ढकलली की लाल दिवा. मोटर सुरू होताना क्षणभर जास्त करंट खेचते, आणि बोर्डला तोच बिघाड वाटत होता.

तेवढा क्षण त्याने दम धरावा म्हणून एक कपॅसिटर बदलला. सोल्डरिंगही उभ्या उभ्याच. "तू आधी जरा बस ना," दादा म्हणाला. कसली बसतेय...

या वेळी खुर्ची निघाली. झकास! दाराबाहेरच्या पॅसेजच्या टोकापर्यंत गेली, वळली.

या बोर्डवर एक छोटी पिन असते. फ्यूजने सप्लाय तोडल्यावर बंदच राहायचं की थोड्या वेळाने आपोआप चालू व्हायचं, हे तिच्यावर ठरतं. मी 'आपोआप' निवडलं होतं. दादा पुन्हा रस्त्यात अडकायला नको... एवढंच डोक्यात.

परत येताना शेजाऱ्यांचं पायपुसणं चाकात गेलं. चाक अडकलं, सप्लाय तुटला. आई वाकून ते ओढायला लागली. दादाचा हात अजून लिव्हरवरच... आणि खुर्ची आपली आपण झटक्याने पुढे!

आईने हात मागे घेतला म्हणून बरं. बोटाला खरचटण्यावर निभावलं.

"हे असं आपोआप चालू व्हायचं कोणी ठरवलं?" दादाने विचारलं.

"मी... तू अडकू नयेस म्हणून."

"त्या दिवशी चौकातही दोघांनी मला खुर्चीसकट उचललं. विचारलंसुद्धा नाही. फुटपाथवर भिंतीकडे तोंड करून ठेवलं आणि गेले. त्यांनाही मदतच करायची होती." मग म्हणाला, "बंद पडली तर पडू दे गं. पण चालू मी करणार."

मी पिन दुसऱ्या जागी लावली, त्याच्या हाताशी एक बटण बसवलं. पायपुसणं पुन्हा मुद्दाम चाकात घातलं... लाल दिवा, खुर्ची गप्प. मी ते काढलं, दादाने आईला बाजूला व्हायला सांगितलं आणि मगच बटण दाबलं.

संध्याकाळी तो एकटाच लिफ्टने खाली गेला. मी गॅलरीत. आवारातल्या गतिरोधकाला खुर्ची अडून बंद पडली आणि माझा जीव वरखाली... वॉचमनकाका धावले. दादाने हात दाखवून त्यांना थांबवलं, खुर्ची चालू केली, मागे घेतली आणि कडेने निघून गेला. वर बघितलंसुद्धा नाही.

थँक यू रे दादा... यापुढे तुला विचारल्याशिवाय तुझ्या खुर्चीला हात लावणार नाही. गॅलरीत मात्र उभी राहणारच. त्यासाठी परवानगी कोण मागतंय!