शांत प्रसंगातला फोन

दुपारच्या खेळाला माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांचा फोन वाजू लागला. पडद्यावर गाणं चालू होतं तोवर त्यांनी तो घेतला नाही. गाणं संपलं, सिनेमातल्या दोघी बहिणी हळू आवाजात बोलू लागल्या आणि यांनी फोन कानाला लावला.

"ताई, मी दवाखान्यातच आहे. आईला आत्ताच डोळा लागलाय." पलीकडून तिनं काहीतरी विचारलं असावं. "आवाज? वॉर्डात टीव्ही लावलाय."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, जरा हळू." त्यांनी मान न वळवता नुसता हात वर केला आणि फोन ठेवून पुन्हा पॉपकॉर्न खाऊ लागले.

पुढचा सिनेमा माझ्या डोक्यात शिरलाच नाही. राग केव्हाच ओसरला होता. मी त्या ताईचा विचार करत होते. कुठल्या तरी गावी ती आता निर्धास्त झाली असेल. खोटं बोलायलाही माणूस शांतता शोधतो, हे मला कधी सुचलं नव्हतं.

संध्याकाळी परगावी असलेल्या माझ्या मुलाचा फोन आला. "ऑफिसातच आहे गं आई. औषध घेतलंस ना?"

मी हो म्हटलं. तो बोलत राहिला आणि मी त्याच्या मागचे आवाज ऐकत राहिले. मागे काहीच आवाज नव्हता. आजवर मला त्या शांततेचं बरं वाटायचं.