टोपल्यातली मरळ

पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून एका माशाचं पाणी बदललं. एवढंच. शेवटचं असं ठरवून कुणी काही करत नसतं. मी दुपारी बंधाऱ्यावर जाऊन गळाला बेडकी लावून एक मरळ काढली होती, हाताच्या कोपरापर्यंत येईल एवढी. सणाच्या दिवशी गळ टाकला म्हणून कौसा, म्हणजे आमची मंडळी, आधी तोंडभर बोलली. मग तिनंच अंगणात मोठं पत्र्याचं टोपलं ठेवलं, बोअरचं स्वच्छ पाणी भरलं आणि मासा त्यात सोडला. वर जर्मनची परात, परातीवर दगड. मरळ मोठी चिवट, टोपल्यात दोन-चार दिवस सुखानं राहते आणि स्वच्छ पाण्यात तिचा चिखलाचा वास निघून जातो. त्या दिवशी पुरणपोळीचा निवद, मासा खायचा तो दुसऱ्या दिवशी, करीला. संध्याकाळी मी परात धरली, तिनं जुनं पाणी भेंडीच्या वाफ्यात ओतलं आणि नवं भरता भरता माशाच्या पोटाखाली अंगठा लावला.

"मऊ लागतंय. गाभोळी हाय हिच्या पोटात."

"बेडक्या खाऊन फुगलाय त्यो. नर हाय."

"तुमच्यावानीच म्हना की मग."

असं आमचं चालायचं. लग्न झाल्यापासून चालायचं.

ज्याला नदीच्या माशाचा नाद नाही त्याला हे भांडण कळायचं नाही, म्हणून सांगतो. आमच्या ढोकीकडं तेरणेला धड पाणी येतं ते पोळ्याच्या आसपास. पहिल्या लाल पाण्यात गळ टाकून काही हाती लागत नाही, माशाला स्वतःचं शेपूट दिसत नाही तर गांडूळ काय दिसणार. पाणी दोन-तीन दिवसांनी चहासारखं झालं की मासा अंडी घालायला चढणीला लागतो, बंधाऱ्यावरून पडणाऱ्या धारेत उड्या मारतो. हा मासा खायला एक नंबर. अंग घट्ट, पोट रिकामं आणि गाभोळी, म्हणजे अंड्यांची पिशवी, असली तर विचारूच नका, येसूर मसाला लावून तव्यावर परतली की दाण्याच्या कुटासारखी मोकळी होते. तोच मासा अंडी घालून माघारी उतरला की बेचव, मांस पाण्यासारखं, मांजरसुद्धा वास घेऊन जातं. पुढं थंडीत डोहातला मासा परत अंग धरतो, रश्शावर तेल न घालता तवंग येतो. आता गंमत बघा. मासा चढतो तेव्हा आपला श्रावण. श्रावण संपला की मधे चार दिवस, की बसले गणपती. मग गौरी, मग पित्राचा पंधरवडा, मग येडाईचं नवरात्र. माशाचं पंचांग आणि माणसाचं पंचांग जुळतच नाही. म्हणून आमच्याकडं ते पोळ्यानंतरचे चार दिवस सोन्याचे.

आणि त्याच चार दिवसांवर कौसाचा डोळा. ती म्हणायची, चढणीचा मासा मारायचा नाही, थंडीतला खावा. थंडीत मी कुठं? दिवाळीला साखर कारखान्याचा पट्टा पडला, गाळप सुरू झालं की मी उसाच्या ट्रॅक्टरवर, जेवण फडात, झोप ट्रॉलीखाली. ते तिला सांगितलं तर म्हणायची, "मग नगा खाऊ. मासा काय तुमची सुट्टी बघून पोटुशी ऱ्हातो व्हय?"

तिचं माहेर तेरखेड्याचं. तिकडं घरोघर फटाक्याचं काम. लग्नात हळदीच्या हाताला दारूचा वास होता, मी तसं म्हणालो तर रुसली. तेरणा त्यांच्याच डोंगरात उगम पावते, म्हणजे आमची नदी तिच्या माहेराहून येते आणि मासा तिच्या माहेराकडं चढतो, हे तिनं पहिल्याच वर्षी मला ऐकवलं. बाळंतपणाला निघालेल्या बाईला वाटेत अडवायचं नसतं, हा तिचा कायदा. त्यामागं कारण होतं. आमची मंगल पोटात असताना माझ्या आईनं हिला खुरपणीसाठी थांबवून घेतलं. आज जा, उद्या जा. दिवस भरले तेव्हा एसटीत बसवून दिली. तेरखेडा काही गाठलं नाही. येरमाळ्याच्या स्टँडवर, एका कटलरीवालीनं लुगड्याचा आडोसा धरला आणि मंगल तिथंच झाली. पोरगी धडधाकट निघाली म्हणून पुढं हसण्यावारी गेलं, पण कौसा ते कधी विसरली नाही. मी गळ काढला की म्हणायची, "जा. बसा स्टँडवर, कोन येतंय बघत."

तरी मी धरायचो आणि तरी ती रांधायची. फक्त मासा चिरताना आत गाभोळी निघाली की विळी खाली ठेवायची आणि दिवसभर बोलायची नाही. रस्सा मात्र असा करायची... जाऊ द्या.

त्या संध्याकाळी परात ठेवता ठेवता तिनं पैज लावली. "उद्या चिरू. गाभोळी निघाली तर हितून पुढं भादव्यात गळाला हात लावायचा न्हाय. हाय कबूल?"

"आन नर निघाला तर?"

"तर तुमी म्हनाल तवा, म्हनाल तितका रांधून घालीन. तोंडातनं शबुद काढनार न्हाय."

"तू? शबुद काढनार न्हायस?"

हसली. मी कबूल म्हणालो.

सकाळी उठलीच नाही. डाक्टर म्हणाला, झोपेतच हृदय थांबलं. करीचा दिवस, गावात घरोघर मटणाचा वास आणि आमच्या दारात गोवऱ्या. मंगल येरमाळ्याहून आली. तिला दिलीय पण येरमाळ्यालाच, कौसा म्हणायची, पोरीनं गाव आधीच बघून ठेवलं होतं. ऊन उतरायच्या आत सगळं उरकलं. लोक बसायला येत होते आणि मी काही एका जागी बसत नव्हतो. उठायचो, टोपल्यापाशी जायचो, परात उचलायचो. मरळ वर येऊन श्वास घ्यायची आणि खाली जायची. लोकांना वाटलं म्हातारा भ्रमला. मला एकच लागून राहिलं होतं, हिच्या पोटात काय आहे?

आता महिना होत आला. बंधाऱ्यावर पाणी अजून पडतंय, निवळशंख आहे. पोरं पिशव्या भरून मासे नेतात, दारावरून जाताना मुद्दाम दाखवतात, "काका, येताव का?" हात शिवशिवतात. गळ वळचणीला आहे तिथंच आहे. घरात बसवत नाही आणि नदीवर जाववत नाही. काढून घ्यावा तर कुणाच्या शब्दावर, ठेवून द्यावा तर कुणाच्या? पैज कुणी जिंकली तेच मला माहीत नाही.

माहीत करून घेता आलं असतं. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विळी घेऊन टोपल्यापाशी बसलो होतो. मासा धरला. पोटाखाली तिच्यासारखाच अंगठा लावून बघितला. कधी मऊ वाटायचं, कधी टणक. माझ्या अंगठ्याला त्यातलं काही कळत नव्हतं. मंगल चहा घेऊन आली. "अण्णा, सुतकात मासा चिरताव का काय?"

मी विळी आडवी ठेवली. मासा बादलीत घातला आणि उठलो.

"आता कुठं निघालाव? अजून सावडायचं हाय. लोक नावं ठेवतेत."

"ठिवू दे."

"शेजारच्या महादूकाकाला देऊन टाका की, ते खातेल."

"तिला वर जायचंय," मी म्हणालो.

मंगलनं परात उचलून बाजूला ठेवली. बंधाऱ्यापर्यंत बादली दोनदा या हातातून त्या हातात घेतली, मासा सारखा धडका देत होता. खालच्या अंगाला सोडला असता तर धारेत उडी मारत बसला असता आणि कुणीतरी धरला असता. म्हणून मी बंधाऱ्यावरून चालत पलीकडं गेलो, वरच्या अंगाला उतरलो, गुडघाभर पाण्यात उभा राहिलो आणि तेरखेड्याकडं तोंड करून बादली वाकडी केली.