दोन डाव्या बाह्या

शुद्धलेखन चुकेल आणि अक्षर तर कोंबडीने पाय पुसल्यासारखे आहे, माफ करा. चौथीनंतर माझ्या हातात पेन नाही, कात्री आली.

तरी मी शिक्षिका आहे. सातपूरच्या एका केंद्रात अकरा वर्षे मुलींना शिवणकाम शिकवते. लाजरी असल्याने ओठांत टाचण्या धरते आणि हाताने दाखवते. (टाचण्या असल्या की कोणी बोलायला सांगत नाही.) माझ्या हाताखालच्या दोघींनी तर गंगापूर रोडला दुकाने टाकली. आणि यंदा केंद्राने सांगितले, शिकवायचे प्रशिक्षण घ्या, नाहीतर वर्ग सोडा. अकरा वर्षे मी काय भजी तळत होते?

प्रशिक्षणाच्या मॅडम माझ्या लेकीच्या वयाच्या. शेवटी प्रत्येकीने एक पाठ घ्यायचा, तोही गिऱ्हाइकाच्या खऱ्या कापडावर, असा त्यांचा हट्ट. माझ्याकडे तेव्हा एकच कापड होते. येवल्याच्या थोरल्या नणंदेचे, मंदाताईंचे, पैठणीचे ब्लाऊजपीस. त्यांच्या लेकाच्या साखरपुड्यासाठी, मोजून एकच ब्लाऊज निघेल एवढे.

डावी बाही झकास कापली. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “मावशी, टाचण्या काढा आणि बोला. समजावत कापायचं.”

काढल्या. पंधरा बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कसेबसे म्हटले, “आता दुसरी बाही... पहिलीसारखीच...” आणि कात्री बिचारी खरेच पहिलीसारखीच चालली. दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या! उलटवावी तर जरीची बाजू आत आणि धागे बाहेर.

मॅडम मात्र खूश. “बघा, मावशींनी मुद्दाम चूक करून दाखवली. याला म्हणतात शिकवणं.” सर्वांत जास्त गुण मला. अकरा वर्षे चुकले नाही त्याची कोणी दखल घेतली नाही, एकदा चुकले तर प्रमाणपत्र!

मंदाताईंकडे गेले, टाचण्या काढल्यापासूनचे सगळे सांगितले. त्यांनी बाह्या निरखल्या. “मला दोन्ही हात डावेच आहेत का गं?”

मी प्रमाणपत्र पुढे केले.

“हे घालू का साखरपुड्याला?”

त्यांनी तयार ब्लाऊज विकत घेतला. पैठणीच्या कापडाचे पैसे मी पगारातून पाच महिने फेडले. परवा शेवटचा हप्ता दिला. मंदाताईंनी नोटा दोनदा मोजल्या, सगळे फिटले म्हणाल्या, आणि कपाटातून नवे ब्लाऊजपीस काढून त्यावर टाचण्यांची डबी ठेवली.

“आधी या तोंडात घाल. मग कात्री लाव.”

मी प्रशिक्षित शिक्षिका. मुकाट्याने तोंड उघडले.