बसून करायचं काम

माझी बायको सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स होती आणि मी कराडकडचा, चार यत्ता शिकलेला ऊसवाला. बायकोच्या पगारावर जगतो असं कुणी म्हटलं, तर त्याच्याशी मी बोलणंच टाकायचो. शनिवारी एसटीनं तिच्या क्वार्टरवर जायचो, सोमवारी रानात परत.

सत्तर सालानंतरची गोष्ट. वॉर्डात एखादी नर्स पोटुशी राहिली की तिला पेशंट उचलायला लावायचं नाही, बसून करायचं काम द्यायचं, अशी तिथं रीत होती. बसून करायचं काम म्हणजे कॅन्सरच्या इंजेक्शनांचं टेबल. बाटलीतल्या भुकटीत पाणी घालायचं, हलवायचं, सुईनं ओढायचं. सुई उपसताना औषध हातावर उडायचं. रबरी हातमोजे होते, पण ते ऑपरेशनसाठी. तेही धुऊन, पावडर लावून परत वापरायचे. टेबलाला कोण देतंय? चहासुद्धा तिथंच प्यायच्या.

बायकोला पहिल्यांदा दिवस गेले तसं तिलाही तेच टेबल मिळालं. एकदा तिची बोटं पिवळी दिसली. मी म्हटलं, "काय गं, परत लगीन लावलंस काय? हळद दिसतीय."

"तुमी एक हाय तेवढं बास झालं," ती म्हणाली.

पहिलं तिसऱ्या महिन्यात गेलं. दुसरंही तसंच. आई तिला म्हसवडला सिद्धनाथाच्या पायावर घालून आली. मी गेलो नाही. रडलोही नाही. उसाला पाणी पाजत बसलो.

तिसऱ्यांदा राहिली तेव्हा वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरनं, मायेनंच, तिला परत ते टेबल दिलं. पन्नाशीची, बिनलग्नाची बाई. मी वॉर्डात जाऊन तिला म्हटलं, "हिला तिथं बसवायचं न्हाई."

"का?"

"दोन्ही तिथंच गेली."

तिथल्या नर्स पोरी हसल्या. "आवं दाजी, टेबलाला भूत लागलंय व्हय?"

"लागलं असंल न्हाईतर नसंल. ही उभ्यानं काम करंल."

बायकोच आडवी आली. "मग तिथं कोण बसंल? परवा लगीन झालेली ती पोरगी? मी न्हाई उठत." हट्टात ती मला भारी होती.

मोठी सिस्टर टेबलाशी आली. म्हणाली, "ऊठ. मी बसते. मला कुठं पोरं व्हायचीत?"

आता नर्सा ते औषध हातमोजे, मास्क घालून हाताळतात आणि पोटुशीला त्याच्या जवळ येऊ देत नाहीत. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नव्हतं. त्यानंच आमची दोन गेली, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. डॉक्टरही सांगत नाहीत.

पोरगं दिवस भरून झालं. मोठी सिस्टर बघायला आली. वजन विचारलं, टाळूवर बोट फिरवलं. बायको म्हणाली, "बसा की जरा."

"इंजेक्शनं भरायची राहिलीत," म्हणाली आणि गेली.